औंढ्याचं पाणी फॉरेनला निघालं

वाटीभर साबुदाणा भिजत घालावा आणि सकाळी झाकण काढलं तर पातेलं भरून वर आलेला असावा, तसं आमच्या सोमवारच्या बायकांच्या गोष्टींचं आहे. पायरीवर एक एवढीशी गोष्ट भिजत पडते आणि पुढच्या सोमवारपर्यंत ती गावभर फुगते. आम्ही सहाजणी. कुरुंद्याच्या महादेवाच्या देवळात दर सोमवारी जमतो, स्तोत्र म्हणतो, आरती करतो, आणि आरतीला लागतो त्याच्या दुप्पट वेळ पायरीवर बसतो. देव काही म्हणत नाही. त्यालाही करमणूक लागत असेल.

याच पायरीवर आमची फॉरेन टूर ठरली. ठरली, मोडली, पुन्हा ठरली. त्यातले सगळे किस्से सांगायचे तर चातुर्मास पुरणार नाही. म्हणून आठवतील तेवढेच सांगते.

*

टूरचं मूळ म्हणजे गोदामावशी. वय बासष्ट, घरची हळदीची शेती, दोन्ही गुडघे तक्रार करणारे. मावशीच्या लेकीला अकरा वर्षं मूलबाळ नव्हतं. तेव्हा मावशी महादेवाला बोलून बसली, लेकराचं तोंड दिसलं तर औंढ्याच्या नागनाथाजवळचं पाणी नेपाळात नेऊन श्रावणातल्या सोमवारी पशुपतिनाथाला वाहीन, आणि वाहीपर्यंत गोड खाणार नाही.

नात झाली. ती आता दुसरीत आहे. आणि मावशी अजून बिनसाखरेचा चहा पिते. कधी घरात लग्न निघालं, कधी कोरोना आला, कधी गुडघा सुजला. दर होळीला पुरण शिजतं आणि मावशी पोळी वरणाशी खाते.

मध्यंतरी गावात नवीन डॉक्टर आले. त्यांनी मावशीचं रक्त तपासलं आणि मोठ्या आनंदानं म्हणाले, "आजी, तुम्हाला शुगर अजिबात नाही. बिनधास्त गोड खा."

मावशी म्हणाली, "तुमी परवानगी दिली डॉक्टरसाहेब, पर वरच्यांची यायची हाय."

डॉक्टर फार नेक माणूस. पाच मिनिटं विचारत राहिले, "वरचे म्हणजे नांदेडला कुणाकडं दाखवता तुम्ही?"

*

तर यंदा ठरलं की मावशीला एकटीला पाठवायचं नाही, आपण सगळ्याच जायचं. मावशीचा नवस होईल, आपली ट्रिप होईल. ग्रामसेवकाच्या वंदनावहिनींनी त्याच दिवशी गॉगल घेतला.

टूर नेणारा प्रकाश वसमतचा. गोड बोलणारा माणूस. वाईट बातमी तो कधी वाईट शब्दांत देत नाही. श्रावणातल्या पहिल्या सोमवारचं आमचं बुकिंग होतं. निघायच्या आठ दिवस आधी तिकडं मोर्चे, जाळपोळ सुरू झाली. प्रकाशनं फोन केला. वंदनावहिनींनी तो स्पीकरवर टाकला.

"घाबरायचं काही कारण न्हाई ताई. फक्त तिकडं वातावरण जरा तापून राहिलंय."

वहिनींनी आमच्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "बाई, मंग बॅगेतलं स्वेटर काढून ठिऊ का?"

*

बातमी टीव्हीवर आली आणि आमच्या मालकांना एकाएकी परराष्ट्र धोरणाचा नाद लागला. चोवीस वर्षांत मी सोमवारचा उपवास का धरते हे त्यांनी विचारलं नव्हतं. आता काठमांडूत कुठल्या चौकात पोलीस उभे आहेत हे ते मला जेवताना सांगू लागले.

"समजा, विमानतळ बंद पडला तर?"

"आमी रेल्वेनं अन् बसनं चाललो."

"समजा, रस्ता बंद पडला तर?"

"तर आठ दिवस उशीर होईल."

"अन् आठ दिवस इथं काय करायचं आमी?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या धोरणातला खरा मुद्दा बाहेर आला. मी त्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकवलं. वरणाला तीन, भाताला दोन. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्यानंतर नेपाळबद्दल एक शब्द काढला नाही.

*

जाऊ नका म्हणून आम्हाला समजवायला सुनंदाचे मामा जवळा बाजारहून मुद्दाम आले. सुनंदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिच्या जिभेला देवानं लगाम द्यायचा राहिला आहे. मामा सकाळच्या बसनं आले. संध्याकाळी परत जायचं होतं म्हणून पिशवीसुद्धा आणली नव्हती.

दुपारी कळलं की आपल्याच रस्त्यावर रास्ता रोको आहे. टायर जाळलेत, एसटी डेपोतून निघेना. कुणाचं आंदोलन, कशासाठी, हे चार जणांनी चार तऱ्हेचं सांगितलं. मामा राहिले. दुसऱ्या दिवशी बंद. मामा राहिले. तिसऱ्या दिवशी मोबाइलचं नेटसुद्धा गेलं.

तीन दिवस मामा आमच्या मालकांचा पायजमा घालून टीव्हीसमोर बसले आणि नेपाळची काळजी करत राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "कसला देश म्हणावं हा. साध्या माणसाला आपल्या घरी जाता येईना."

सुनंदानं विचारलं, "मामा, कंचा?"

*

त्याच बंदात गावाला जमावबंदी लागली. आता सोमवार काही जमावबंदी बघून येत नाही. आम्ही देवळात जमलो. आरती झाली आणि टूरचं काय करायचं याचा खल सुरू झाला. तेवढ्यात जमादार आले. ओळखीचेच, पण त्या दिवशी ड्यूटीवर.

"काकू, पाच किंवा त्याच्यावर माणसं एका जागी जमायची न्हाईत. तुमी सहा हायत."

मी नम्रपणे म्हटलं, देवाचं काम आहे. ते म्हणाले, ऑर्डर आहे. तेव्हा सुनंदा पुढं झाली.

"साहेब, सहा कुठं? ह्या दोघी मौनात हायत. श्रावणातलं मौन धरलंय त्यांनी. जी बाई तोंडच उघडीत न्हाई ती जमावात कशी धरता?"

कोपऱ्यातल्या दोघी खरोखरच मौनात होत्या. त्यांनी हात जोडून माना हलवल्या.

जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. बोटावर मोजून पाहिलं. "म्हणजे चारच होतात," ते म्हणाले आणि गेले. जाताना मात्र वळून सुनंदाला म्हणाले, "काकू, तुमी एकटीनं मौन धरलं तर सोमवारी तेवढा बंदोबस्त कमी लागंल."

*

नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्ड चालतं. सगळ्यांनी आपापली कार्डं काढली. मावशीच्या कार्डावर फोटो मावशीचा, नाव मावशीचं, आणि लिंग पुरुष.

वीस वर्षं मावशी त्याच कार्डावर मतदान करत आली होती. पदर डोक्यावर, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि कुणी कधी हटकलं नव्हतं. आता मात्र दुरुस्ती हवी म्हणून आम्ही तिला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म दिला आणि सांगितलं, बंदामुळं काम तटलंय, दोन महिने लागतील.

मावशीनं शांतपणे विचारलं, "बाई, ह्या कार्डावर आत्ता मी कोण हाय?"

"पुरुष."

"मंग राहू द्या. शेतातलं समदं पुरुषाचंच काम करून राहिले मी. फक्त कागदालाच ते कळलंय."

*

मग श्रावणाचा घोळ. पहिला सोमवार गेला, दुसरा गेला, आणि तिकडं जरा शांत झालं म्हणून प्रकाशनं तिसऱ्या सोमवारची तारीख काढली. वर आनंदानं सांगितलं, "एकदम मोकळं मिळंल ताई. तिकडचा श्रावण संपलाय, गर्दीच न्हाई."

पायरीवरच्या मौनवाल्यांचं मौनसुद्धा तिथंच सुटलं.

"श्रावण संपला म्हंजी?"

मग मी पंचांग काढलं आणि प्रकाशला पुन्हा फोन लावून नीट विचारून घेतलं. त्यांचा महिना वेगळा धरतात. त्यांचा श्रावण आपल्या आधी लागतो आणि आधी संपतो. यंदा तर अधिक महिना आल्यानं आपला आणखीच पुढं गेला होता. म्हणजे आपला तिसरा सोमवार तिकडं नुसता सोमवार.

वंदनावहिनी म्हणाल्या, "मंग तिथं गेल्यावर उपवास धरायचा का जेवायचं? कुणाच्या देशाचा कायदा लागू होतो?"

सुनंदा म्हणाली, "हद्दीपर्यंत उपाशी राहा. वलांडली की भजे खा."

मी काळजीनं मावशीकडं पाहिलं. नवस श्रावणातल्या सोमवारचा बोललेला. पण मावशी हसत होती. "चांगलंच हाय की. त्या देवाला दोन-दोन श्रावण मिळतेत. त्यांचा झाला, आता आपला घ्यावा त्यानं."

*

निघायच्या दिवशी वसमतच्या स्टँडवर प्रकाशचा माणूस बॅगा मोजत होता. सहा बायका, बारा बॅगा, आणि मावशीचा तांब्या. औंढ्याच्या बारवेतलं पाणी, तोंडाला लाल फडकं, त्यावर कणकेचं लिंपण. मावशीनं तो कुणाच्या हातात दिला नाही, खाली ठेवला नाही. रेल्वेत दोन दिवस मांडीवर घेऊन बसली. डब्यातल्या एका बाईनं प्रेमानं विचारलं, "अस्थी हैं क्या?"

"न्हाई बाई," मावशी म्हणाली, "नातीचं हाय."

त्या बाईनं उरलेला प्रवास वरच्या बर्थवर केला.

*

रेल्वेतून उतरून बसनं हद्दीवर पोहोचलो तर तिकडं पुन्हा पेटलेलं. कमानीखाली काटेरी तारा, पोलीस, अडकलेले ट्रक. बरोबर आलेल्या प्रकाशनं इकडंतिकडं फोन केले आणि आपल्या भाषेत सांगितलं, "ताई, थोडं थांबावं लागंल." थोडं म्हणजे किती ते त्याला माहीत नव्हतं. वंदनावहिनींनी गॉगल लावला, कमान मागं येईल असा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, 'फॉरेन टूर'. पाच मिनिटांत ग्रामसेवकांचा मेसेज आला, 'गॅसची टाकी संपली. नंबर कुठं लावायचा?'

मावशी मात्र तांब्या घेऊन सरळ तारांपाशी गेली. मी तिच्या मागं. तिथं तिकडचा एक हवालदार उभा होता. मिशा पिकलेल्या, डोळे जागरणानं लाल. त्यानं मावशीचं कार्ड पाहिलं, मावशीकडं पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं आणि परत दिलं. त्या दिवशी त्याला याहून मोठे प्रश्न होते.

मग त्याचं लक्ष तांब्याकडं गेलं. त्या दिवसांत जाळपोळ करणारे बाटल्यांतून पेट्रोल नेत होते, त्यामुळं कुणाच्याही हातातलं भांडं तपासायचे.

"इसमें क्या है?"

"पानी."

"पीके दिखाओ।"

मावशीनं तांब्या छातीशी धरला. तोंड लावलं तर पाणी उष्टं. उष्टं पाणी देवाला कसं वाहायचं? आणि नाही प्यायलं तर तांब्या ओतून देणार. अकरा वर्षं वाट पाहिलेलं लेकरू, त्यावर इतक्या वर्षांचा बिनसाखरेचा चहा, सगळं त्या एका घोटात.

मावशीनं कणीक नखानं खरवडली. फडकं सोडलं. आणि आपल्या कामाच्या हिंदीत म्हणाली, "मैं नहीं पी सकती. देव का है. तुम पियो. हाथ करो."

तो गडबडला. मागचे दोघं बघत होते. पण मावशी तांब्या तिरपा करून उभीच राहिली. शेवटी त्यानं टोपी काखेत धरली आणि उजवा तळवा पुढं केला. मावशीनं चमचाभर पाणी घातलं. तो प्यायला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"कहाँ का है, माई?"

"औंढा नागनाथ. पशुपतिनाथ को देना है. मेरी नात का नवस है."

त्याला औंढा कळलं नाही, नात कळली नाही, नवस कळला नाही. पशुपतिनाथ कळलं. म्हणाला, "मन्दिर बन्द है, माई। कब खुलेगा, मालूम नहीं। आप वापस जाओ।"

मावशीनं विचारलं, "तुम्हारा घर कहाँ?"

"वहीं। मन्दिर के पीछे। पन्द्रह दिन से गया नहीं। शनिवार को दूसरा आदमी आएगा, तब जाऊँगा।"

तेवढ्यात मागून प्रकाश ओरडला की गाडी वळवतोय, चला. मी वळून त्याला हातानं थांब म्हटलं. पुन्हा पाहिलं तर मावशी फडकं बांधत होती आणि तो हवालदार खाली वाकलेला होता. मला वाटलं, बुटाची नाडी सुटली असेल.

तो उभा राहिला. मावशीनं तांब्या त्याच्या दोन्ही हातांत दिला.

"सोमवार को. श्रावण है."

"साउन तो कब का गया, माई।"

"तुम्हारा गया. हमारा है अभी."

त्यानं जरा विचार केला. "ठीक है," तो म्हणाला. "आपका साउन।"

*

परतीच्या रेल्वेत सुनंदा दोन स्टेशनं गप्प होती. हा तिचा आजवरचा विक्रम आहे. तिसऱ्या स्टेशनाला मात्र राहवलं नाही.

"मावशी, नाव तर विचारायचं. नंबर तर घ्यायचा. तांब्याचा तांब्या गेला. त्यानं त्या पाण्यात चहा करून पेला असंल आतापर्यंत."

"प्याला तर प्याला," मावशी म्हणाली. "थकलेला होता."

गावात आमचं स्वागत जोरात झालं. मामा पुन्हा येऊन गेले, या खेपेला पिशवी घेऊन. ते म्हणाले, मी सांगत होतो. मालकांनी वरण-भात करून दाखवला. शिट्ट्या बरोबर झाल्या होत्या, डाळ घालायची राहिली होती. माझा आपला विश्वास होता की पुढच्या वर्षी जमेल, एवढं काही बिघडलं नाही.

सोमवार आला. आपल्या श्रावणातला. आरती झाली, आम्ही पायरीवर बसलो. वंदनावहिनींनी थर्मासातून चहा ओतला. मावशीचा बिनसाखरेचा वेगळ्या बाटलीत, नेहमीसारखा, तो सुनंदानं तिच्यापुढं ठेवला.

मावशीनं तो बाजूला सारला. "आज तुमच्यातला द्या. साखरेचा."

सुनंदा म्हणाली, "मावशी, काहून? कुणाचा फोन आला का? फोटो आला?"

"न्हाई."

"मंग त्यानं वाहिलं का न्हाई, तुमाला कळलं कसं?"

मावशीनं दोन्ही हातांनी कप उचलला, फुंकर घातली आणि पहिला घोट तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

"तांब्या हातात घेतला ना त्यानं," ती म्हणाली, "त्याच्या आधी बूट काढले होते."